जुन्या गाडीचा ब्रेक : पावसाळ्याआधी पाइप तपासा



आपल्या शेती कार्यक्रमात बी-बियाणं, रोपवाटिका, खतांच्या मात्रा, कडधान्यं यांवर आपण नेहमी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. पण हा शेतीबाहेरचा विषय आहे असं कुणी समजू नये. आज पेण आणि रोहा तालुक्यांत गावोगाव जुनी जीप, पिकअप, छोटा टेम्पो, मिनिडोर नाही तर ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच. भात गिरणीला न्यायचं, वालाच्या गोण्या बाजारात न्यायच्या, खताच्या गोण्या आणायच्या, हमरापूर-जोह्याच्या बाजूने गणपतीच्या मूर्ती पोचवायच्या, ही सगळी कामं याच गाड्या करतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत, काही त्याहूनही जुन्या.

इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर गाडी उभी राहत नाही. म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेककडे बघायला हवं. त्यातही ब्रेकच्या तेलाच्या पाइपाकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो गाडीच्या पोटाखाली चिखलात लपलेला असतो. त्याचीच माहिती या पत्रकात दिली आहे.

आमच्याच घरची गोष्ट

२००९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा कृषी पदवीच्या शिक्षणाला होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. आमच्याकडे एक जुनी जीप होती. वडील गाडी चालवत होते, मी बाजूला बसलो होतो, मागे युरियाच्या सहा गोण्या होत्या. नागोठण्याकडून रोह्याला येताना भिसे खिंड उतरायला लागलो. पाऊस लागलेलाच होता. पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणावर वडिलांनी पाय दिला तर पेडल थेट तळाला टेकलं. गाडीचा वेग कमी होण्याऐवजी वाढायला लागला.

वडील घाबरले असतील, पण त्यांनी चावीला हात लावला नाही. पेडल चार-पाच वेळा भराभर दाबलं, काही उपयोग झाला नाही. मग तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, गाडी थोडी आवरली. मग हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीला घासवली आणि थांबवली. समोरून एसटी येत होती. ती आमच्यापासून फार लांब नव्हती.

नंतर मेस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिलं. मागच्या अॅक्सलवरून जाणाऱ्या लोखंडी पाइपाला, पत्र्याच्या क्लिपखाली, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. बाहेरून पाइप चिखलाने लिंपलेला, म्हणून काही दिसत नव्हतं. दोष मात्र गाडीचा नव्हता, आमचा होता. त्याआधी महिनाभर ब्रेक ऑइलच्या डब्यातलं तेल कमी होत होतं. आम्ही काय केलं? दर आठवड्याला वरून तेल ओतलं. ते तेल जातं कुठे, हे कुणी पाहिलंच नाही.

खारेपाटातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बाहेरकाठ्याला खेकड्याचं बीळ पडतं, तेव्हा आत थोडासाच पाझर दिसतो. तो पाझर बघून जो शेतकरी त्याच दिवशी माती घालतो त्याचं शेत वाचतं. जो 'बघू उद्या' म्हणतो, त्याच्या बांधाला उधाणाच्या भरतीत खांड जाते आणि खारं पाणी वर्षाचं पीक घेऊन जातं. ब्रेकच्या पाइपाचं अगदी तसंच आहे. रोज हळू पाय देतो तेव्हा फक्त पाझर असतो. ज्या दिवशी जोरात पाय द्यायची वेळ येते, त्याच दिवशी खांड जाते.

ब्रेक चालतो कसा?

आधी रचना समजून घेऊ या. म्हणजे बिघाड कुठे होतो ते आपोआप कळेल.

तुम्ही पेडलवर पाय देता तेव्हा पेडलच्या पुढे असलेल्या मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइल दाबतो. हे तेल लोखंडी पाइपांतून चारही चाकांकडे गेलेलं असतं. चाक वरखाली होतं, वळतं, म्हणून चाकाजवळ लोखंडी पाइपाऐवजी रबरी नळी लावलेली असते. तेलाचा दाब चाकातल्या छोट्या सिलेंडरमध्ये पोचला की तिथला दट्ट्या ब्रेकच्या लायनरला ड्रमवर किंवा डिस्कवर दाबतो आणि चाक आवळलं जातं.

बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितला. ब्रेक त्याच नियमावर चालतो. पण यात एक अट आहे. नळी बंद पाहिजे. कुठेही गळती झाली की दाब तिथूनच निघून जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

हा दाब किती असतो? जोरात पाय दिला तर पाइपातला दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त जातो. मोटारीच्या टायरात हवा साधारण २ किलोची असते. म्हणजे टायरच्या तीस पटींहून अधिक दाब या बोटापेक्षा बारीक पाइपाला सोसावा लागतो. गंजून पाइपाची भिंत पातळ झाली असेल तर ती कधी फुटणार? रोजच्या हलक्या दाबाला नव्हे. समोर गुरं आडवी आली, पोर धावलं, आणि तुम्ही सगळा जोर लावून पाय दिला, तेव्हा.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. त्यानंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग केले. एक गेला तरी दुसऱ्याने गाडी थांबते, पण लांब जाऊन थांबते. तुमच्या गाडीला एक मार्ग आहे की दोन, हे मेस्त्रींना विचारून ठेवा.

आपल्याच भागात पाइप लवकर का गंजतात?

याची पाच कारणं आहेत.

पहिलं कारण खाडी. पेणचा पश्चिम भाग धरमतर खाडीच्या कुशीत आहे आणि रोह्याच्या खालच्या अंगाला कुंडलिकेची खाडी आहे. पेणच्या खाडीकाठी मिठागरं होती हे जुन्या लोकांना माहीत आहेच. खारवट हवा, खारवट चिखल. मीठ ओल धरून ठेवतं. आपल्या घरातलं मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं, तसंच पाइपावर बसलेला खारा चिखल पाइपाला कायम ओला ठेवतो आणि लोखंड खातो.

दुसरं कारण पाऊस. चार महिने गाडीचं पोट सुकतच नाही.

तिसरं कारण आपण वाहतो तो माल. खताची गोणी फाटली, युरियाचे किंवा मिश्र खताचे दाणे हौद्याच्या फटीतून खाली सांडले, त्यावर पाणी पडलं, की ते पाणी लोखंडाला चांगलं नसतं. मासळीच्या टोपल्यांमधून गळणारं खारं पाणी तर त्याहून वाईट. असा माल वाहणाऱ्या गाडीचे पाइप दुसऱ्या गाडीच्या आधी जातात.

चौथं कारण पाइप कुठून कसा गेला आहे ते. पाइप जिथे क्लिपने बांधलेला असतो, जिथे तो अॅक्सलवरून जातो, जिथे तो चासीला घासतो, तिथे माती अडकते. बाकीचा पाइप चांगला दिसतो आणि नेमका क्लिपखाली कुजतो. छपराचा वासा भिंतीत शिरतो तिथेच कुजतो ना, तसं.

पाचवं कारण आतलं आहे, म्हणून ते दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. दोन-तीन वर्षं तेच तेल राहिलं तर त्यात पाणी मिसळतं. हे पाणी पाइप, मास्टर सिलेंडर आणि चाकाचे सिलेंडर आतून गंजवतं. शिवाय तेलाचा उत्कलनबिंदू खाली येतो. बाजारात मिळणारं डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. लांब उतारावर ब्रेक तापला की जुनं तेल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. पाइप धड असूनही ब्रेक जातो.

गाडी आधी सांगते, आपण ऐकायला हवं

ब्रेक एकदम जातो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो आधी खुणा देतो. त्या अशा :

१) तेलाच्या डब्यातली पातळी उतरते. लायनर किंवा पॅड झिजले तरी पातळी महिनोन्‌महिने अगदी हळू उतरते. पण आठवड्या-पंधरवड्यात तेल ओतावं लागत असेल तर कुठे तरी गळती आहेच. गळती सापडेपर्यंत गाडीत माल भरू नका.

२) पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं. याचा अर्थ पाइप गळतोय किंवा मास्टर सिलेंडरमधला रबरी वायसर गेलाय.

३) पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप मारल्यावर घट्ट होतं. पाइपात हवा किंवा वाफ आहे, नाही तर ब्रेक जुळवायचा राहिला आहे.

४) ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एका चाकाचा सिलेंडर अडकलाय, लायनरला तेल किंवा ग्रीस लागलंय, किंवा रबरी नळी आतून सुजून बंद झालीय.

५) पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाक तापतं, जळका वास येतो. इथेही रबरी नळी किंवा अडकलेला दट्ट्या तपासा.

६) पेडल एकदम दगडासारखं कडक लागतं. पॉवर ब्रेकची मदत बंद पडलेली असते. व्हॅक्यूमची नळी तपासून घ्या.

७) चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेला तेलकट डाग दिसतो. चाकाचा सिलेंडर गळतोय, किंवा अॅक्सलचं सील गेलंय.

यातली एक जरी खूण दिसली तरी 'हा हंगाम काढू, मग बघू' म्हणू नका.

घरच्या घरी पंधरा मिनिटांची तपासणी

ही तपासणी वर्षातून दोनदा करा : एकदा मे महिन्यात, पावसाआधी, आणि एकदा भात झोडून झाल्यावर. गाडी सपाट जागेवर घ्या, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढे-मागे दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली वाकून बॅटरीच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच बघा. बाकीचं गॅरेजात रॅम्पवर घेऊन दाखवा.

आदल्या दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन सुकू द्या. चिखल असताना तपासणी करण्यात अर्थ नाही.

मग तेलाचा डबा बघा. झाकण उघडण्याआधी वरची माती पुसून घ्या. तेल फिकट पिवळसर असावं. काळपट, गढूळ दिसलं तर ते बदलायला झालं आहे.

त्यानंतर मास्टर सिलेंडरपासून एकेक पाइप डोळ्यांनी धरून शेवटच्या चाकापर्यंत जा. नुसता वरचा तांबूस रंग दिसला तर घाबरू नका. कापडाने पुसून बघा. गंजाचे पापुद्रे निघत असतील, बोटाला खड्डे लागत असतील, किंवा पाइप फुगल्यासारखा दिसत असेल तर तो पाइप संपला. खरवडून बघायला स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. कुठेही ओलसर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली माती दिसली तर गळती तिथेच आहे.

रबरी नळ्या हाताने वाकवून बघा. बारीक चिरा, फुगा किंवा टायरला घासल्याची खूण असेल तर बदला.

शेवटी इंजिन चालू करा आणि पेडल जोरात दाबून एक मिनिटभर धरा. पेडल जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे. घरातल्या दुसऱ्या माणसाने तेवढ्यात बाहेरून चाकांजवळ बघावं. तेल टपकताना दिसलं तर गाडी जागची हलवू नका, मेस्त्रींना घरी बोलवा.

दुरुस्ती करताना काय करावं, काय करू नये

पाइप स्वस्त असतो. महाग असते ती चालढकल. पण दुरुस्ती नीट झाली नाही तर ती न केल्यापेक्षा वाईट, कारण मग आपण निर्धास्त होतो.

फुटलेल्या पाइपावर रबरी नळी चढवून तार आवळणं, लांबी लावणं, डिंक लावणं, साधं डाग देऊन भोक बुजवणं, हे प्रकार करू नका आणि करू देऊ नका. ७० किलोच्या दाबाला यातलं काहीही टिकत नाही.

एका चाकाचा पाइप फुटला की तो ठोकून बंद करायचा आणि तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी चालवायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. असं केल्याने ब्रेक मारताच गाडी एका बाजूला फेकली जाते. ओल्या रस्त्यावर तर हमखास.

नवा पाइप ब्रेकसाठीच बनवलेला, योग्य जाडीचा लोखंडी असावा. पंप सेटला किंवा फ्रिजला लावतात तो मऊ तांब्याचा पाइप इथे चालत नाही. पाइपाची टोकं यंत्राने फुलवून घ्यावी लागतात, हातोडीने नव्हे. एक बाजू गंजून फुटली असेल तर दुसऱ्या बाजूचा पाइपही तेवढ्याच वयाचा आहे हे विसरू नका. दोन्ही एकाच वेळी बदला.

ब्रेकच्या डब्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल किंवा घरात असेल ते तेल घालू नका. खनिज तेल लागलं की आतले रबरी वायसर फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. चुकून घातलंच तर नुसतं काढून भागत नाही, सगळे रबरी भाग बदलावे लागतात. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते यात मिसळू नका. तेल सीलबंद बाटलीतलं घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उघडी बाटली गोठ्यात पडलेली असेल तर तिने हवेतली ओल शोषलेली आहे, ती वापरू नका. हे तेल विषारी आहे, पोरांपासून दूर ठेवा आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पाइप बदलल्यावर यंत्रणेतली हवा काढावी लागते. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात आणि जवळच्या चाकाकडे येतात. निपलमधून बुडबुडे येणं पूर्ण थांबेपर्यंत काम चालू ठेवायचं असतं. हे काम उरकाउरकीत झालं तर पेडल मऊच राहतं. गाडी ताब्यात घेताना स्वतः पाय देऊन बघा, आणि मोकळ्या सपाट जागी हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक मारून मगच रस्त्यावर या.

तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. खाडीकाठच्या, मासळी वाहणाऱ्या गाडीला दरवर्षी पावसाआधी बदललं तर उत्तमच.

उतारावर इंजिन बंद करू नका

भिसे खिंड असो, सुकेळी खिंड असो, की खोपोलीचा बोरघाट असो, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे, वर इंजिनही बंद करणारे आपल्यात कमी नाहीत. हा फार महागडा हिशेब आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली.  सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. नंतर तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याची बाब पुढे आली.

असं का होतं? गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो, आणि तो तापत जातो. इंजिन बंद केलं की हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारं यंत्र थांबतं, पॉवर ब्रेकची मदत संपते, काही गाड्यांचं स्टिअरिंगही जड होतं. म्हणून नियम साधा आहे : ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. आणि गिअर उतार सुरू होण्याआधी बदला, मधे नव्हे.

वेगाचंही तसंच आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच ती दोन बैलगाड्यांएवढं अंतर कापते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. गाडी जुनी, माल जास्त आणि रस्ता ओला असेल तर यात भरच पडते.

पाण्यातून गाडी काढली की ड्रम भिजतात आणि ब्रेक घसरतो. पाण्याबाहेर आल्यावर हळू चालवत पेडल हलकं हलकं दाबा, लायनर सुकतील. ब्रेक लागतोय याची खात्री झाल्यावरच वेग घ्या.

ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरवाल्यांसाठी

ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या आणि उजव्या चाकासाठी. चिखलणी करताना वळायला एकच दाबतो, ते ठीक. पण रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल खिटीने जोडलीच पाहिजेत. वेगात असताना एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि उलटतो. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात का, हे मोकळ्या जागी तपासून घ्या. जुन्या ट्रॅक्टरला तेलाच्या पाइपाऐवजी लोखंडी सळ्या असतात. त्यांच्या पिना, खिळे आणि चाव्या झिजल्यात का ते बघा. खिळ्याच्या जागी तार वाकवून घातलेली असेल तर आजच काढा.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ट्रॅक्टरला आडवा करते. म्हणून भार कमी, गिअर खालचा, वेग बैलगाडीचा. आणि ट्रॉलीत माणसं बसवू नका. लग्नाचं वऱ्हाड असो, गणपती विसर्जन असो, लावणीच्या बायका असोत, ट्रॉली मालासाठी आहे.

पॉवर टिलर उतारावर असताना स्टिअरिंग क्लच दाबला तर तो बऱ्याचदा उलट्या बाजूला वळतो, हे नवशिक्या मुलांना आधी सांगून ठेवा.

चालत्या गाडीचा ब्रेक गेलाच तर

१) चावी फिरवून इंजिन बंद करू नका. स्टिअरिंग कुलूप होऊ शकतं आणि इंजिनाचा आवर सुटतो.

२) पेडल भराभर पाच-सहा वेळा दाबा. थोडा दाब मिळाला तर तिथेच धरा.

३) गिअर एकेक करून खाली आणा. एकदम पहिला टाकायला जाऊन न्यूट्रलमध्ये अडकू नका.

४) हँडब्रेक थोडा थोडा ओढा. त्याची दोरी किंवा सळी वेगळी असते, तेलावर अवलंबून नसते. एकदम ओढला तर गाडी घसरते. म्हणूनच हँडब्रेक चालू स्थितीत ठेवा. 'तो कशाला लागतो' म्हणून सोडून देऊ नका.

५) हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. चढाकडे, मोकळ्या शेतात, मातीच्या ढिगाकडे गाडी न्या. काहीच नसेल तर दरीकडे नव्हे, डोंगराच्या मातीला गाडीची कूस घासवत थांबवा.

६) थांबल्यावर चाकांना दगड लावा, माणसं उतरवा. त्यानंतर ती गाडी स्वतः चालवत नेऊ नका, ओढून न्या.

कागद आहे म्हणून ब्रेक आहे असं नाही

माल आणि प्रवासी वाहनांना योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फिटनेस म्हणतो, घ्यावं लागतं. आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला ते दरवर्षी नवं करावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. आपल्या जिल्ह्यातल्या एमएच-०६ पाटीच्या गाड्यांसाठी हे काम पेणच्या परिवहन कार्यालयाकडे येतं. कागद वेळेवर करा. पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाचं असतं. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाइप गंजणार नाही अशी हमी त्यात नसते. ती काळजी मालकाचीच.

थोडक्यात लक्षात ठेवा

• मे महिन्यात गाडीचं पोट धुवा आणि पाइप क्लिपखाली बघा.
• तेल उतरलं तर आधी गळती शोधा, मग तेल घाला.
• ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, डब्यावर लिहिलेलंच वापरा.
• गंजलेला पाइप जोडीने बदला, जोडकाम नको.
• खत किंवा मासळी वाहिल्यावर हौदा आणि खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा.
• उतारावर खालचा गिअर, इंजिन चालू.
• ट्रॅक्टरची दोन्ही पेडल रस्त्यावर जोडलेली.
• हँडब्रेक कायम चालू स्थितीत.

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी भिसे खिंडीत आमचं थोडक्यात निभावलं. वडील आज सत्तरीच्या पुढे आहेत. गाडी आता मी चालवतो. तरी मे महिना आला की ते आठवणीने विचारतात, "पाइप बघितलास का रे?" मीही गाडीखाली वाकतो आणि पुसून बघतो. त्याला पंधरा मिनिटं लागतात.

तुम्ही बांधाची डागडुजी कधी चुकवत नाही, छपराची कौलं फिरवायला विसरत नाही. यंदा त्याच यादीत गाडीच्या ब्रेकचं नाव लिहा. तुमच्या गाडीत तुमचीच माणसं बसतात, आणि रस्त्याने चालणारी पोरंही आपल्याच गावची असतात.